गौराक्काचा दात कशानं मोडला

तुमच्यावर कधी दुसऱ्याच्या चुकीचा आळ आला आहे का? साधासुधा आळ नव्हे. असा, की चार माणसांनी चार वेळा म्हटल्यावर तुमचं तुम्हालाच वाटू लागलं — असेल, आपल्याच हातून झालं असेल?

आला असेल, तर तुम्ही मला ओळखता. मी आळ घालणाऱ्या बाजूची आहे.

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. निपाणीला वडिलांना, आप्पांना नाही, लॅबमधल्या मुलींना नाही, ज्यांच्याबरोबर वडगावच्या गल्ल्यांतून पत्रकं वाटत हिंडले त्यांनाही नाही. दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत मी अन्यायावर किती लिहिलं म्हणून सांगू! मोठमोठ्या अक्षरांत, ठणकावून. लोकांनी वाचलं, मान डोलावली, 'पोरगी चांगली लिहिती' म्हणाले. आणि मी ते ऐकून घेतलं.

सांगते. पण एका दमात नाही जमायचं. वळसे घेत येईन, तेवढं सांभाळून घ्या. की — नको, सांभाळून तरी का घ्यावं?

मी निपाणीची. आप्पा तंबाखूच्या वखारीत कामाला होते आणि कामगारांची पत्रकं तेच लिहायचे. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वाटून उरलेल्या पत्रकांची मागची कोरी बाजू म्हणजे माझी शाळेची वही. एका बाजूला माझे पाढे, आणि कागद उलटला की 'बंधूंनो आणि भगिनींनो, आता तरी जागे व्हा!' बाराखडीच्या आधी मी उद्गारचिन्ह शिकले, असं आई अजून सगळ्यांना सांगते. आप्पांचा एकच नियम होता. खात्री नसलेलं वाक्य छापायचं नाही. मालकाबद्दल असलं तरी नाही.

पत्रकात दोनच पात्रं असतात, आम्ही आणि ते. 'मी' कुठे येत नाही. लहानपणी मला हे कधी खटकलं नाही. आता खटकतं, कारण सगळ्या जगाचा दोष लिहायला मी शिकले आणि स्वतःचा लिहायची वेळ आली तेव्हा माझ्याकडे त्याची भाषाच नव्हती. हे कारण म्हणून सांगत नाही. फक्त कुठून आले ते कळावं.

बेळगावात आले ती दात करायला. हसू नका, तेच माझं काम. कॅम्पच्या अलीकडे एका जिन्यावर आमची लॅब आहे. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, आम्ही दात घडवून परत पाठवतो. माझ्याकडे इम्प्लांटवरच्या टोप्यांचं काम. हाडात स्क्रू बसवतात, तोच इम्प्लांट; त्यावर धातूचा लहानसा खुंट, आणि खुंटावर दाताच्या आकाराची सिरॅमिकची टोपी. तिला क्राऊन म्हणतात. झिर्कोनिया नावाच्या पांढऱ्या पदार्थाची ती असते. सुरुवातीला खडूसारखी मऊ. यंत्र ती मुद्दाम मोठी कोरतं, कारण भट्टीत गेल्यावर ती आक्रसते आणि मापाला येते. भट्टीतून बाहेर आली की मात्र ती खडू राहत नाही. हातात घेऊन टेबलावर आपटा, टेबलाला खळगा पडेल. लोक विचारतात, किती टिकेल? आम्ही म्हणतो, नीट केली असेल तर तुम्हाला पुरून उरेल.

नीट केली असेल तर. यातच सगळं आलं.

खऱ्या दाताच्या मुळाभोवती एक मऊ पडदा असतो. घास चावला की दात केसभर दबतो, खडा लागला तर लगेच कळतो. इम्प्लांट हाडात घट्ट धरलेला. तो दबत नाही, त्याला फारसं कळतही नाही. प्रत्येक घासाचा सगळा भार त्या टोपीवर. आणि टोपीचा स्वभाव असा, की वरून कितीही दाबा, सोसेल; पण आतल्या बाजूला एक बारीक चीर असली की घासागणिक ती चीर थोडी थोडी उकलत जाते. महिना, दोन महिने, चार महिने. मग एक दिवस भाताच्या घासालाही ती सुटते.

भाताच्या घासाला. हे लक्षात असू द्या.

गौराक्का वडगावची. शेठच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये साड्या विणायची. पंचावन्नच्या आसपासची, बारीक, आवाज मात्र असा की वीस मागांच्या खडखडाटातून पलीकडच्या भिंतीला ऐकू जाईल. विणकरांवर पत्रक लिहायचं म्हणून मी शेडमध्ये गेले तेव्हा बाकी बायका पदराआड हसत होत्या. ही माग थांबवून पुढं आली आणि म्हणाली, "लिवणारी तूच व्हय? मग बस. पण मी सांगीन तेवढंच लिव. एक शबूद जास्त घातलास तर बघ."

तिनं सांगितलं आणि मी लिहिलं. सूत कुजकं आलं की मागावर धागे तुटतात, कापडात रेघा पडतात. शेठ म्हणतो, हात वाईट. सुताला कुणी विचारत नाही. विणणारीला काढून टाकतात. असं वर्षानुवर्षं चाललेलं. गल्लीत यावरून भांडण झालं की पंच गौराक्काला बोलवायचे. ती सुताची लडी हातात घ्यायची, दोन बोटांत धरून ताणायची, आणि सांगायची — सूत खराब आहे, किंवा बाई, चूक तुझीच आहे. स्वतःच्या भाचीविरुद्धही तिनं सांगितलं होतं. म्हणून शेठही तिचं मोडत नसे. तिचा शब्द ही त्या गल्लीतली एकच गोष्ट होती जी मालकाची नव्हती.

तुम्ही विणकर पाहिले असतील तर त्यांचे पुढचे दातही पाहिले असतील. धागा तुटला की गाठ मारायची, आणि गाठीची उरलेली टोकं दातानं तोडायची. दिवसातून कितीदा, याला मोजदाद नाही. कात्री शोधायला वेळ कुणाला? तीस वर्षं असं केलं की वरच्या पुढच्या दाताला खाच पडते, सुरीनं कोरल्यासारखी. गौराक्काचा दात त्या खाचेतूनच उभा चिरला. तिला मीच माझ्या ओळखीच्या डॉक्टर मॅडमकडे नेलं. दात काढला, इम्प्लांट बसवला. मॅडमनी बजावलं, यापुढे दोरा दातानं तोडायचा नाही. आक्कानं त्याच दिवशी बाजारातून एक बारकी कात्री आणली, लाल सुतात ओवली आणि गळ्यात घातली. शेडमध्ये सगळ्या तिला चिडवायच्या, "आक्का, नवं मंगळसूत्र का गं?" ती म्हणायची, "व्हय. ह्यो नवरा तरी सांगितलेलं ऐकतोय."

मी ती कात्री पाहिली होती. माझ्या डोळ्यांनी. तिला ती वापरताना तासभर बसून पाहिलं होतं. हे मुद्दाम लिहून ठेवते, म्हणजे पुढे मला 'माहीत नव्हतं' असं म्हणता येऊ नये.

तिची टोपी माझ्याकडेच आली. आनंदच झाला मला — खोटं कशाला बोलू? रंग जुळवायला मी स्वतः तिच्यासमोर बसले होते. शेजारच्या दातांवर मिश्रीची किंचित पिवळसर झाक होती, ती धरली. भट्टीतून टोपी सुंदर निघाली. फक्त खुंटावर पूर्ण बसेना. कडेला केसभर फट राहत होती. आत, मानेपाशी, कुठेतरी अडत होती.

अशा वेळी काय करायचं, हे आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवतात. बारीक हिऱ्याची कणी लावलेलं फिरतं टोक असतं, त्याला आम्ही बर म्हणतो. पाण्याची धार सोडून, हलक्या हातानं, थांबत थांबत घासायचं. पाणी सोडायचंच. कारण कोरडं घासलं की तापतं, आणि तापलं की आतल्या आत चिरतं. फारच अडत असेल तर ती टोपी बाजूला ठेवून नवी करायची. एवढंच. यात अवघड काय आहे?

दुपारचे साडेतीन झाले होते. शहापुरातल्या छापखान्यात पाचच्या आत मजकूर द्यायचा होता. कोणतं पत्रक, माहीत आहे? गौराक्कानं सांगितलेलं. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कानडी. मथळा माझाच होता: 'खोट सुतात, दोष बाईला — हे कुठवर?'

टोपी कुठे अडते ती खूण पाण्याच्या धारेत दिसत नव्हती. मी पाणी बंद केलं. कोरडंच घासलं. ठिणग्या उडाल्या. झिर्कोनिया कोरडं घासलं की ठिणग्या उडतात, त्याचा अर्थ काय असतो हे मला ठाऊक होतं. टोपी बसली. मग नियमाप्रमाणे दिव्यासमोर धरली. मानेपाशी एक रेघ होती. कोळ्याच्या तंतूएवढी. मी टोपी फिरवली, रेघ गेली. परत फिरवली, दिसली. मी स्वतःला म्हटलं, ओरखडा असेल. ओरखडा कसा असतो आणि चीर कशी असते, यातला फरक लॅबमधली नवी मुलगीसुद्धा सांगते. मी वरून चकाकी दिली, भट्टीत टाकली, आणि शेजारच्या मुलीला काढायला सांगून जिना उतरले.

पत्रक वेळेत छापून झालं. लोकांना फार आवडलं.

इथवरचं कुणाकडूनही होतं, असं तुम्ही म्हणाल. घाईत हात चुकतो. मीही तसंच म्हणत होते. पण मी तुम्हाला हातचुकीबद्दल सांगायला बसलेली नाही.

चौथ्या महिन्यात टोपी मोडली. डॉक्टर मॅडमनी तुकडा पिशवीत घालून लॅबला पाठवला, सोबत चिठ्ठी: 'रुग्ण म्हणतात भात खाताना मोडला. कारण कळवा.' लॅब चालवणाऱ्या सरांनी पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. मी भिंगाखाली धरली.

मोडलेल्या सिरॅमिकला वाचता येतं. चीर जिथून सुरू झाली तिथून लहरी पसरलेल्या असतात, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा. त्या लहरींच्या उलट दिशेनं मागं मागं जायचं, म्हणजे उगम सापडतो. मी मागं गेले. उगम आतल्या बाजूला होता, मानेपाशी, बरच्या काळपट ओरखड्यात. माझ्या बरच्या. तिथं माझं नाव कोरलेलं असतं तर यापेक्षा स्पष्ट दिसलं नसतं.

सरांनी विचारलं, "काय गं सुधा, कशानं मोडलाय?"

त्या वेळी काय वाटलं, ते नीट सांगायचा प्रयत्न करते. नोकरी जाईल असं वाटलं नाही. सर तसे नाहीत. फार तर रागावले असते, दुसरी करायला लावली असती. मला भीती वाटली ती वेगळीच. गौराक्काला कळेल. जिचं पत्रक छापायला मी पळाले, तिच्याच दातात मी चीर ठेवून पळाले, हे तिला कळेल. आणि ती मला शेडमध्ये सगळ्यांसमोर विचारेल, त्या आवाजात. ते मला सोसलं नसतं. एवढंच होतं. केवढं क्षुल्लक, नाही?

मी म्हटलं, "विणकर आहे सर ती. दोरा दातानं तोडतात हे लोक."

'हे लोक.' माझ्या तोंडून. पत्रकातलं 'ते' मी कुणाला लावलं, पाहिलंत?

सरांनी तुकडा बोटांत फिरवला. "दोऱ्यानं मोडतंय व्हय झिर्कोनिया?"

"रोज शंभर-शंभर वेळा, सर. एकाच कडेवर."

दोऱ्यानं झिर्कोनिया मोडत नाही. मला माहीत होतं. पण मी बोलले ते इतक्या खात्रीनं, की सरांनी फॉर्म पुढे केला आणि मी त्यावर 'मोडण्याचे कारण' या रकान्यात सुवाच्य अक्षरांत लिहिलं: रुग्णाची सवय. आप्पांच्या पत्रकांवर गिरवलेलं तेच अक्षर.

मॅडमनी तेच आक्काला सांगितलं. सोबत तिचा मुलगा होता. आक्का म्हणाली, मी न्हाय दोरा तोडला. कात्री काढून दाखवली. मॅडम समजुतीनं हसल्या म्हणे. लहान मुलानं गोळी खाल्ली नाही म्हटल्यावर हसतात तशा. मुलानं घरी सांगितलं, सुनेनं नळावर सांगितलं, आणि आठवड्याच्या आत गल्लीला ठाऊक झालं, की गौराक्का गळ्यात कात्री मिरवते आणि कुणी बघत नसलं की दोरा दातानंच तोडते. गंमत म्हणून बोलायचे सगळे. "आक्का, भात लईच कडक झालता का गं?" पोरंसुद्धा विचारायची.

मी त्या गल्लीत जात होते. ऐकत होते. एकदा तर हसलेही — सगळे हसले म्हणून.

त्याच सुमारास रेणुकाचं प्रकरण झालं. रेणुका शेडमधली सगळ्यांत नवी विणकर, घरी एकटी आई. तिच्या मागावरच्या चार साड्यांत रेघा निघाल्या आणि शेठनं तिला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. रेणुका म्हणाली, सूत कुजकं आहे. अमावास्येला माग बंद असतात, त्या दिवशी सकाळी देवळाच्या पडवीत पंच बसले. मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन कोपऱ्यात होते. गौराक्का आली. समोरचा दात नसल्यानं पदर तोंडाला लावलेला. तिनं लडी मागितली, बोटांत धरली, ताणली. टक्‌. तुटली. दुसरी. तुटली. ती म्हणाली, "सूत मेलेलं हाय. पोरीचा हात चांगला हाय."

शेठ रागावले नाहीत. ते हसले. आणि कानडीत म्हणाले, "सुळ्ळु हेळबेड, आक्का." खोटं सांगू नकोस. मग सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत, "सोताच्या दाताचं खोटं सांगतीस. दुसरीच्या सुताचं खरं सांगशील व्हय?"

पडवीत हशा पिकला. पंचांतले एक वयस्कर गृहस्थ, तिला बहीण मानणारे, तेही खाली बघून हसले. आक्काच्या हातातली लडी तशीच राहिली. ती काहीतरी म्हणाली, पण दातातून वारा गेला आणि शब्द फुसकन सुटला, त्यावर आणखी हसले. मग तिनं सगळ्यांकडे पाहिलं, एकेकाकडे. माझ्याकडेही पाहिलं. दाताचं जाणणारी तिथं मी एकटीच होते. एक वाक्य पुरलं असतं. 'तिनं दात मोडला नाही, मी बिघडवला.' पाच-सहा शब्द. माझ्या मांडीवर शंभर पत्रकं होती आणि त्यातल्या प्रत्येकावर याहून मोठी वाक्यं होती.

मी मान खाली घातली. पत्रकांचा गठ्ठा सरळ केला. कडा जुळवत बसले.

रेणुकाचं काम गेलं ते गेलंच. ती आता उद्यमबागेत एका कारखान्यात खोकी बांधते. माग तिला पुन्हा मिळाला नाही.

अजून सांगायचं राहिलंच आहे. तुम्हाला वाटलं असेल, आता झालं. मलाही लिहिताना वाटलं, इथं थांबावं. इथं थांबले तर मी फक्त भित्री ठरते. भित्रं असणं तसं परवडतं.

बैठकीनंतर आठ-दहा दिवसांनी गौराक्का लॅबच्या जिन्यावर आली. एकटी. कॅम्पातल्या गाड्यांतून वाट काढत, विचारत विचारत. वर आली नाही, खालीच पायरीवर बसली आणि मला निरोप धाडला. मी उतरले. मला वाटलं, कळलं हिला. खरं सांगते, क्षणभर बरं वाटलं.

तिला काहीच कळलेलं नव्हतं. ती विचारायला आली होती.

"सुधा, तू शिकलेली हाईस. तुला दाताचं कळतंय. मला खरं सांग गं. तीस वर्षांची सवय हाय. हात कामात असतोय, ध्यान न्हाय... माझं मलाच ठावं न्हाय, असा दोरा तोडला असंल का मी?"

ती हे विचारताना माझ्याकडे बघत नव्हती. गळ्यातली कात्री उघडत-मिटत होती. जी बाई सूत बोटांत धरून सगळ्या गल्लीला खरं सांगायची, ती पायरीवर बसून मला विचारत होती, की मी स्वतःवर विश्वास ठेवू का?

मी म्हटलं, "असेल, आक्का. सवयीनं होतं कधीकधी."

हेच ते. हेच मी कुणाला सांगितलेलं नाही. कोरडं घासलं ते नव्हे, फॉर्म लिहिला तोही नव्हे, बैठकीत गप्प बसले तेही नव्हे. त्या पायरीवर तिसरं कुणी नव्हतं, कुणी जाब विचारत नव्हतं, कसलं दडपण नव्हतं. ती खरं मागायला माझ्या दारात आली होती आणि मी तिला प्रेमानं, खांद्यावर हात ठेवून, खोटं दिलं. आवाज मऊ केला होता मी. त्या मऊपणाची मला आजही शिसारी येते.

तिनं कात्री मिटली. मग म्हणाली, "व्हय. असंल मग." आणि उठली. जाताना माझ्यासाठी आणलेली चिरमुऱ्यांची पुडी पायरीवर ठेवून गेली.

तिची दुसरी टोपीही मीच केली. पाणी सोडून, हलक्या हातानं, तीनदा दिव्यासमोर धरून. ती टोपी शाबूत आहे. लोक म्हणतात, बघा, आता सवय सोडली तर कशी टिकली! म्हणजे माझं चांगलं कामसुद्धा तिच्याविरुद्ध साक्ष देतंय.

गौराक्का आता बैठकीला जात नाही. बोलावणंही येत नाही. मध्यंतरी अशीच आणखी एक बाई कामावरून गेली. सुताची लडी कुणी हातात घेतलीच नाही. शेठला आता कुणाचं ऐकावं लागत नाही. जो शब्द त्यांना कधी विकत घेता आला नाही, तो मी त्यांना फुकट काढून दिला. कशासाठी? मला एका बाईनं चारचौघांत रागावू नये, एवढ्यासाठी.

मी का केलं, याचं याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. शोधतही नाही. वय कमी होतं, घाई होती, भीती होती — ही सगळी वाक्यं मी लिहून पाहिली आणि खोडली. आप्पांच्या नियमात ती बसत नाहीत.

हा कागद छापायला जाण्याआधी मी वडगावला जाणार आहे. आक्काला वाचता येत नाही, म्हणून मीच तिच्यापुढे बसून हा पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचणार आहे. ती काय म्हणेल ते मला माहीत नाही, आणि ते मी इथे छापणार नाही. ते तिचं आहे. सरांना आणि मॅडमना तो जुना फॉर्म दुरुस्त करून देईन, सहीसकट. रेणुकाच्या दारी जाईन. तिनं दार लावून घेतलं तर तो तिचा हक्क आहे.

तुमच्याकडे मी माझ्यासाठी काही मागत नाही. क्षमा तर नाहीच. ती तुमच्याकडे नाहीही.

पण त्या पडवीत जे बसले होते, जे हसले होते, ज्यांनी नळावर ऐकून पुढे सांगितलं, त्यांच्यापैकी कुणाच्या हाती हा कागद पडला, तर एक काम करा. येत्या अमावास्येला माग बंद असतील, पंच बसतील. मी तिथे उभी राहून हे सगळं सांगेन. ते सांगणं माझं काम आहे. मात्र तिचा शब्द नाकारला होता तुम्ही, म्हणून पुढचं वाक्य तुमच्यातल्या कुणाच्या तरी तोंडून यायला हवं. उठा, आणि शेठसमोर, मराठीत आणि कानडीतही, म्हणा: रेणुकाच्या सुताचा वाद परत काढा, गौराक्काची साक्ष पुन्हा घ्या.